पादरीसाहेबांचा रेएम

मला हिब्रू येते. हसू नका, खरंच येते! म्हणजे एकच शब्द येतो, अन् त्याचाही अर्थ झाडावर चढता चढता समजला. चौथी नापास माणसाजवळ पदव्या जमत नाहीत, किस्सेच जमतात.

तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. सूरजागडच्या पायथ्याशी एक पादरीसाहेब राहत, मूळचे नगरकडचे. मी त्यांचा स्वयंपाकी. साहेब त्यांचं धर्मपुस्तक गोंडीत उतरवत होते अन् एका हिब्रू शब्दावर अडले. रेएम! कुठल्याशा रानटी जनावराचं नाव. विलायतेतल्या जुन्या पंडितांनी त्याचा एकशिंगी घोडा करून ठेवलेला. नागपूरहून मोठे साहेब तपासायला येणार होते. गावकऱ्यांना जनावर ओळखता आलं नाही, तर सगळं काम परत!

साहेबांचं जेवण सुटलं. "गोमा, हा शब्द ज्या वाक्यात आहे, ते देव स्वतः बोलतोय रे. देवाच्या तोंडी खोटं जनावर कसं घालू?"

*

एकदा मी भाजी चिरत होतो. साहेब म्हणाले, "अंगात भरपूर ताकद, पण रात्री गोठ्यात थांबत नाही, नांगराला खांदा लावत नाही. असं काय आहे इथं?"

"हाय ना साहेब! माझा साळा."

पादरीणबाईंनी तोंडाला पदर लावला. साहेब मात्र विचारात पडले!

*

मग त्यांनी एकशिंगी घोड्याचं चित्र काढून गावात फिरवलं. मी हळूच पुडी सोडून दिली, "जंगल खात्यानं आणला हाय. लाकडं तोडनाऱ्याच्या मागं लागते!"

बायका सरपणाला जाईनात. घरातलं वाळलं लाकूड संपलं. पादरीणबाईंनी मला ओल्या फाट्यांवर भात शिजवायला बसवलं. डोळ्यांतून धारा! वरून म्हणतात, "बोलव की तुझ्या घोड्याला, फुंकर घालायला!"

*

गावातले म्हातारे लालसूबाबा म्हणाले, "घोडा नाई, गवा असंल. चाला, दाखवतो."

आम्ही तिघं पहाटे निघालो. साहेब पुटपुटत होते, "पुस्तकात एका जागी त्याची शिंगं म्हटलीत, म्हणजे एकाहून जास्त हवीत. दुसरीकडे पिल्लू उड्या मारतं..."

तेवढ्यात बांबूतून फुसकारा आला. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, खांदा माझ्या डोक्याच्याही वर! मी झाडावर. साहेब तिथंच उभे.

"दोन आहेत, गोमा! दोन!"

"साहेब, पोटात घुसल्यावर मोजता काय? वर या!"

लालसूबाबांनी साहेबांचा हात घट्ट धरून ठेवला होता. गव्यानं आम्हा तिघांना पाहून घेतलं अन् तो बांबूत शिरला.

*

मोठे साहेब आले. मांडवात सारं गाव जमलं. पादरीसाहेब वाचू लागले. देव माणसाला विचारतो, हा गवा तुझी चाकरी करील काय? तुझ्या गोठ्यात रात्र काढील काय? त्याला तू नांगराला जुंपशील काय?

वाचून झालं. मोठे साहेब चष्मा पुसत राहिले. पादरीसाहेबांच्या कपाळावरून घाम गळत होता. बाईंनी डोळे मिटून घेतलेले. मलाच राहवेना.

"काऊन लालसूबाबा, जनावर समजलं का नाई?"

लालसूबाबा उठले. चेहरा काळजीनं पार उतरलेला.

"जनावर समजलं ना बाबू. गवाच हाय. पन तुमच्या देवाचा बैल मेला काय? माह्या कोठ्यातला एक घेऊन जाय म्हना त्याले. गव्याच्या वाटी नोको जाऊ म्हना!"