मामंजींचा पायी नेम

लग्न होऊन मी झरी गावाच्या पलीकडं ह्या गावात आले, त्याच, म्हंजे औंदाच्याच वर्षीची गोष्ट हाय. सांगितल्याबिगर मला दमच निघंना, म्हणून चूल सारवून झाल्या झाल्या लिहायला बसलेय.

माझे सासरे, आमी त्यांना मामंजी म्हणतो, शेतातल्या विहिरीच्या पायऱ्या चढून वर आले आन छातीला हात लावून तिथंच खाली बसले. घामानं सदरा चिंब. बैलं जुपून दमणीत घालून परभणीला नेलं. डॉक्टरनं नळी लावून लय वेळ ऐकलं. म्हणाला, काळीज थकलंय. तंबाखू बंद, मीठ-तेल कमी, आन रोज सकाळी जरा घाम येईस्तवर पायी चालायचं. न्हाई ऐकलं तर पुढच्या खेपेला माझ्यापर्यंत पोचतील का, सांगता येत न्हाई.



तंबाखूचा बटवा मामंजींनी स्वतःहून आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या हातात दिला. वरणाला नाक मुरडलं, पण खाल्लं.

"सूनबाई, मीठ म्हाग झालं का काय?"

"न्हाई मामंजी, डॉक्टरनं पळवलं."

हसले बिचारे. मी लिंबू पिळून द्यायची, जवारीच्या भाकरीसंगं कच्ची मेथी द्यायची. ते समदं जमलं. अडलं ते चालण्यापाशी!

आमच्याकडं ज्याच्या दारात दमणी हाय तो सडकेनं पायी निघाला की लोकांना बघवत न्हाई. निजामाचं राज्य गेलं, ही रीत गेली न्हाई. पहिल्याच दिवशी मामंजी वेशीबाहेर पडले आन मागून गाडी थांबली. "मालक, पायी? बैलं आजारी हायत का? बसा, बसा!" न्हाई म्हणावं तर त्याला वाटणार, माझ्या गाडीत बसायची ह्यांना लाज वाटती. बसले! दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची गाडी. मग तिसऱ्याची. चालायला म्हणून निघायचे आन गावभरच्या गाड्यांत हिंडून यायचे.

मी म्हटलं, "सांगा की लोकांना, डॉक्टरनं सांगितलंय म्हणून."

"म्हंजे समदं गाव तोंड पाडून दारात येऊन बसंल. मी काय मरायलोय व्हय?"

असंच एकदा गाडीतून उतरून ओट्यावर पाय ठेवला, आन हात पुन्हा छातीशी गेला. क्षणभरच. पण आत्याबाईंनी बघितलं. सकाळी डोक्यावरून पाणी घेऊन शिवेवरच्या मारुतीला गेल्या आन आल्या त्या अंगणात उभ्या राहून, शेजारपाजारला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाल्या, "आजपासून ह्यांचा मारुतीचा नेम हाय! रोज पायी जायचं, पायी यायचं. गाडीत बसायचं न्हाई, कुणी बसवायचं बी न्हाई!"

मामंजी हळूच म्हणाले, "अगं, देवाच्या नावावर खोटं बोलतीस?"

"खोटं कशाला? बोलून आलेय मी त्याला. आता मोडा, हिंमत असली तर."

झालं! दुसऱ्या दिवशी गाडी थांबली, गाडीवान "मालक—" म्हणाला आन लगेच स्वतःच्या कानाला हात लावून, "न्हाई बाबा, पाप लागंल," म्हणत पुढं गेला. एकदा सोनपेठकडचा पाव्हणा, त्याला काय ठाऊक, गाडी थांबवून बसाच म्हणायला लागला. रानात खुरपणाऱ्या बाया तिकडून ओरडल्या, "ए पाव्हण्या! बसवू नको, नेम हाय!" मामंजी घरी येऊन सांगताना इतके हसले की ठसका लागला, आत्याबाईंनी पाणी दिलं.

पावसाळा गेला, सुगी गेली, चालणं चालूच. परवा पाणी किती राहिलं बघायला मामंजी त्याच विहिरीत उतरले. मी वर उभी, पदर तोंडात धरून. एकेक पायरी, दमानं. वर आले. बसले न्हाईत.

"अशी काय बघायलीस? चल, भूक लागली."

जेवताना त्यांनी इचारलं, "नेम कवापर्यंतचा बोलली व्हतीस गं?"

आत्याबाई भाकर उलटत म्हणाल्या, "मुदत सांगायचं राहूनच गेलं बघा."

मामंजी उठले. हात धुतला, वहाणा झटकल्या आन सकाळी हाताशी याव्यात म्हणून उंबऱ्याच्या आत आणून ठेवल्या.