आत्याची हाक

आमच्या मांगावेरा गावच्या स्टॉक कार क्लबात, म्हणजे धडकांच्या शर्यती खेळणाऱ्यांच्या क्लबात, चहाच्या किटलीच्या वरच्या फळीवर एक चांदीचा कप आहे. त्याच्या एका अंगाला मुठीएवढा पोचा पडलाय. बाहेरगावचे लोक म्हणतात, धडकेत पडला असेल. आम्ही मान डोलावतो. खरं काय ते ग्लेनिस पोहातूला ठाऊक होतं आणि मला. मागच्या हिवाळ्यात ग्लेनिस गेली, म्हणून आता लिहून ठेवतो.

ग्लेनिस माझी कुंपणापलीकडची शेजारीण. दीडशे गाई, मर्व्ह नावाचा अबोल नवरा, आणि ट्रॅक्टरच्या शेडमध्ये त्रेचाळीस नंबरची निळी स्टॉक कार. त्या गाडीचं वेल्डिंग एकतीस वर्षं माझ्याच हातचं. तिच्या भावाचा मुलगा, टिपेने त्याचं नाव, तिला आत्या म्हणायचा, त्याच्यामागून सगळं गावच आत्या म्हणायला लागलं. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

पहाटे आणि दुपारी, दूध काढायच्या वेळेला, ती फाटकाशी उभी राहून हाक द्यायची. "हूऽऽप! चला गं बायांनो, घरीऽऽ!" ती हाक डोंगराकडून निघायची आणि माझ्या कुरणावरून समुद्राकडे उतरायची. मग गाई माना वर करायच्या आणि एकामागून एक, अजिबात घाई न करता, चालू लागायच्या. आत्या कधी त्यांच्या पुढे चालली नाही. शेवटची गाय आत गेली की मगच ती फाटक लावायची.

ट्रॅकवरही तिचं तसंच होतं.

आमच्याकडच्या शर्यतीत धडक मारणं हा गुन्हा नाही, ते कामच आहे. सांघिक शर्यतीत दोन्हीकडून चार-चार गाड्या. फेऱ्या सहा. ज्याची कुठलीही एक गाडी आधी रेघ ओलांडेल, तो संघ जिंकला. त्यामुळे काहींनी धावायचं, काहींनी अडवायचं. आत्या अडवणारी. एकतीस हंगामांत तिनं कितीजणांना भिंतीला टेकवलं याची गणती नाही, पण रेघ सगळ्यांआधी ओलांडली असं एकदाही झालं नाही. तिनं तशी इच्छाही कधी बोलून दाखवली नाही. तिला हवा होता तो सांघिक कप. तो दरवर्षी हार्टवेलचे शहरवाले घेऊन जायचे.

त्या वर्षी डॉक्टरांनी तिला बजावलं, "मानेचा मणका आता धडका सोसणार नाही. एवढा हंगाम, बस." म्हणजे कप आता आला तर आला. आणि आम्ही अंतिम सामन्यात पोचलो होतो, समोर हार्टवेल.

रविवार होता. डोंगर अगदी स्वच्छ दिसत होता, माथ्यावर बर्फाची टोपी. गाड्या रांगेत लागत असताना हार्टवेलचा क्रेग डूली मांस भरलेली पेस्ट्री खात आला. त्यांचा सगळ्यात वेगवान गडी.

"काय आत्या, शेवटचं वर्ष म्हणे? आता तरी पुढे या की. जन्मभर आमची पाठच बघितलीत!"

"पाठ कुठली रे?" आत्या हेल्मेट चढवत म्हणाली. "मी तुझं तोंडच बघत आलेय. दरवेळी भिंतीला लागून माझ्याकडे वळलेलं असतं."

डूलीच्या हातातली पेस्ट्री हसताना खाली पडली. आमच्या संघात धावायचं काम टिपेनेकडे होतं. तो म्हणाला, "आत्या, तू फक्त माझ्या मागं राहा. बाकी मी बघतो."

"तू रेघ बघ, राजा. मागचं मी बघते."

पाच फेऱ्या ती त्याच्या मागे अशी चिकटून राहिली की दोघांमध्ये वारा शिरायला जागा नव्हती. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा पाच गाड्या मोडून पडल्या होत्या, त्यातल्या काही दुसऱ्या वळणापुढे ढिगानं. उरले टिपेने, आत्या आणि डूली. दुसऱ्या वळणावर डूली आतून घुसला. टिपेनेला त्यानं असा ठोसा दिला की त्याची गाडी गिरकी घेऊन भिंतीला आदळली आणि मागचं चाक सुटून गवतात गेलं. त्याच क्षणी आत्यानं डूलीला बाजूनं धरलं आणि मोडक्या गाड्यांच्या ढिगात नेऊन रोवलं. त्याचा बंपर आपल्याच सोबत्याच्या बंपरमध्ये अडकला. आत्याचं पुढचं डावं चाक दुमडून आत गेलं. इंजिन बंद पडलं.

आणि आत्या तिथंच बसून राहिली.

आमच्या गाड्यांना आरसे नसतात, आणि मानेला पट्टा असतो. मागं वळून बघता येत नाही. धडकेच्या धुळीत टिपेने कोलमडलेला तिनं पाहिलाच नव्हता. तिला वाटलं, तो आता शेजारून निघेल, आपण डूलीवर नजर ठेवायची. एकतीस वर्षांची सवय. समोर अर्धी फेरी मोकळी, पुढे रेघ, आणि ही बाई मेलेल्या गाडीसाठी पहारा देत होती.

"जा! आत्या, जा!" आम्ही सगळे ओरडत होतो. त्या कल्लोळात तिला काय कळणार? तिनं हात वर करून अंगठा दाखवला. तिकडे डूली गाडी मागे-पुढे हिसडत होता. बंपर कुरकुरत सुटायला लागला होता.

तेवढ्यात माझ्या शेजारी मर्व्ह बाकावर चढला. त्याला मोठ्यानं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"हूऽऽप! चल गं बाई, घरीऽऽ!"

मग मागच्या रांगेनं हाक उचलली, मग पलीकडच्यांनी. हजारभर माणसं एका सुरात एका बाईला घरी बोलावत होती. "हूऽऽप! चल गं बाई, घरीऽऽ!"

आत्यानं अंगठा खाली घेतला. स्टार्टर खरखरला, दोनदा नुसताच, तिसऱ्यांदा इंजिन लागलं. त्रेचाळीस नंबर तीन चाकांवर निघाली. चौथं मातीत नांगरासारखं ओढत, माणूस चालेल तेवढ्या वेगानं. माणसं कठड्याच्या अलीकडून तिच्याबरोबर चालत होती. मागं डूली सुटला आणि गर्जत आला. आत्यानं वाट वाकडी केली नाही, वेगही वाढवला नाही, वाढणारच नव्हता. डूलीचं नाक तिच्या दाराशी आलं तेव्हा तिचं नाक रेघेपलीकडे होतं.

डूलीनंच तिला खिडकीतून बाहेर ओढून काढलं. "आत्या, आज माझ्या तोंडाऐवजी काय बघितलंत?"

"मोकळा रस्ता," ती म्हणाली. "किती रुंद असतो रे!"

तिनं कप घेतला आणि घड्याळ पाहिलं. "दूध काढायची वेळ टळून गेली. मला घरी कोण सोडतंय?"

मी सोडलं. कप तिच्या पायाशी, दोन गमबुटांच्या मधे ठेवलेला. फाटकाशी उतरून तिनं तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. पाच फेऱ्या हेल्मेटात ओरडून घसा पार बसला होता. मी हाक देऊन पाहिली. एका गाईनं तेवढं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

तेव्हा आत्यानं कप उचलला आणि फाटकाच्या लोखंडी नळीवर जोरात आपटला. ठाण्‌! पुन्हा, ठाण्‌! दीडशे माना वर झाल्या.

पुढची तांबडी गाय आत शिरताना आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बसलेल्या आवाजात म्हणाली, "तू रोजच पुढं असतेस. बोलली नाहीस कधी, कसं वाटतं ते."