विहिणीच्या मानाची पर्स

माझ्या साडूची अकोल्यात दाल मिल आहे. सकाळी दात घासायच्या आधी तो तुरीचे भाव पाहतो: अकोल्याला काय, लातूरला काय, इंदूरला काय. स्वस्त असेल तिथून उचलायचं, महाग असेल तिथे टाकायचं. या विद्येवर त्याने बंगला बांधला आणि त्यात गैर काही नाही. गैर एवढंच, की जगात तुरीखेरीज दुसरं काही असतं यावर त्याचा विश्वास नाही.

मध्यंतरी आम्ही दोघं नवराबायको आणि ते दोघं असे युरोपच्या सहलीला गेलो. निघायच्या आधी त्याच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. ही भाची अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवते आणि आमच्याकडेच राहते. मुलगा त्याच कॉलेजातला, दर्यापूरकडच्या शेतकरी घरातला, आणि तो तिने स्वतः पसंत केलेला. साडूला ते फारसं रुचलं नव्हतं. शेतकरी म्हणजे त्याच्या लेखी ज्यांच्याकडून माल घ्यायचा ते लोक. मुलाचे वडील नाहीत. घरात शब्द आईचा, आणि आई मानी.

"काका, बाबांना जरा सांभाळा," भाची मला पुन्हापुन्हा सांगायची. "त्या बाई एकदा उठल्या की परत बसत नाहीत."

त्या बाईंना सांभाळायचा उपाय साडूने स्वतःच काढला होता. साखरपुड्यात विहिणीच्या मानाला साडी द्यायचीच नाही. परदेशी कंपनीची पर्स द्यायची, तीही अशी की तिच्यापुढे अख्खं दर्यापूर दिपून जावं.

पर्स कोणती ते ठरलं होतं. कुठून घ्यायची, हा प्रश्न साऱ्या सहलीला पुरला. डोंगर, तळी, देवळं, चित्रं मागे जात होती आणि साडू मोबाइलवर तीच एक पर्स निरनिराळ्या देशांत पाहत होता. दुबईला टॅक्स कमी, पण मूळ भाव चढा. जपानला येन पडलेला, पण जपान वाटेत नाही. लंडनने प्रवाशांना टॅक्स परत देणं बंद केलं, याचं त्याला मनापासून दुःख होतं. ब्रेक्झिटबद्दल त्याला माहीत असलेली ही एकमेव गोष्ट.

"वकीलसाहेब, इंडियात घेनारा येडा असते," तो बसमध्ये मला सांगे. मागच्या सीटवरचे एक निवृत्त इंजिनिअर, ज्यांना मी तोवर शहाणे समजत होतो, तेही वाकून ऐकू लागले. आठवड्याभरात अर्धी बस त्याची शिष्य झाली. मिलानच्या चर्चसमोर आमच्या लोकांनी घड्याळांच्या भावावर वाद घातला. लाखो रुपये मोजून इतक्या दूर यायचं आणि मुंबईपेक्षा काय स्वस्त आहे तेवढंच पाहायचं, तर मग घरी बसून मोबाइल पाहणं सगळ्यात स्वस्त पडलं असतं. हे मी बोलून दाखवलं. कुणी हसलं नाही.

शेवटी पॅरिस ठरलं. मेव्हणीला, म्हणजे साडूच्या बायकोला, टॉवरवर जायचं होतं. ती दुपार दुकानाबाहेरच्या रांगेत गेली. दारात दोरी, दोरीशी काळ्या सुटातला पहारेकरी, आणि आत सोडायची वेळ तो ठरवणार. आपल्याकडे रेशनच्या दुकानात हेच चालतं तेव्हा त्याला हाल म्हणतात. इथे लोक रांगेतले फोटो घरी पाठवत होते.

विमानतळावर बिल आणि पर्स दाखवून साडूने टॅक्स परत मिळवला. पुढची अडचण म्हणजे आपला कस्टम. तिथे ड्युटी भरली तर साधलेला सगळा फायदा बुडणार. म्हणून डबा, रिबीन, मऊ कागद आणि बिल, सगळं तिथल्याच कचरापेटीत गेलं. पर्स जुनी दिसावी म्हणून मेव्हणीने तिच्यात औषधं, मफलर आणि उरलेला चिवडा कोंबला व ती खांद्याला अडकवून मुंबईत उतरली. कुणी विचारलं नाही. साडू घाटकोपरपर्यंत हसत होता.

साखरपुडा अकोल्याला, त्याच्या बंगल्यातच झाला. पर्सचा आकार टिकावा म्हणून आत वर्तमानपत्र भरून ती चांदीच्या ताटात ठेवली होती. विहीणबाईंनी ती घेतली, उलटी केली, कडेवरून बोट फिरवलं.

"हे थैली कोनी वापरेल हाय काय?"

"नाई हो, नवी कोरी," मेव्हणी म्हणाली.

बाईंनी आत हात घातला. बाहेर आलं ते अकोल्याच्या पेपरचं बाजारभावाचं पान. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"चिवड्याचा वास येते."

"वयनी, अशा पर्शी इथं फुटपाथवर ढिगानं भेटतात," मुलाचा काका म्हणाला.

मानाला वापरलेली वस्तू द्यायची, आणि तीही नकली. भाचीचा चेहरा उतरला. बिल दाखवावं तर ते पॅरिसच्या कचऱ्यात. ते तिथे का टाकलं हे सांगावं तर कस्टमची चोरी भर बैठकीत कबूल करायची. साडूने माझ्याकडे पाहिलं. वकिली मलाही येते, पण त्या वेळी मी पोह्यांकडे पाहत होतो.

मग त्याने मोबाइल काढला.

"ओरिजनल हाय, विहीणबाई. हे पाहा. मुंबईचा भाव हा. दुबईचा हा. पॅरिसचा हा, आनि त्यातून टॅक्स वापस. अख्ख्या दुनियेत याच्याहून कमी भावात कोनी आनून दाखवा!"

बाईंनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही.

"म्हंजे आमचा मान सगळ्यात सस्ता कुठं भेटते, ते पाहाले गेल्ते तुमी."

"तसं नाई, माझं म्हननं..."

"चाला, वयनी," काका उठला. बाईंनी पदर सावरला.

"बाबा, फोन ठेवा," पाटावरून भाची म्हणाली. वर्गात बोलावं तशी, आवाज न चढवता. साडूने खरंच फोन ठेवला. मग ती बाईंकडे वळली. "आई, पर्स राहू द्या. मी येऊ की नको, तेवढं सांगून जा."



"तुले कोन नाई म्हन्ते?" बाई म्हणाल्या. "तू येच. पन लगन आमच्या दारात होईन. आनि मान म्हनून तुह्या बापाच्या घरची सुतळीबी नको मले." त्यांनी काकाला हाताने खाली बसवलं आणि भाचीची ओटी भरली. पर्स ताटात तशीच राहिली.

जेवणं होऊन पाहुणे निघाले तेव्हा मी आणि साडू ओट्यावर उभे होतो. तो माझ्या कानाशी वाकला. कुजबुजणं त्याला जमत नाही.

"वकीलसाहेब, हिशेब पाह्यला काय? मानाचा खर्च वाचला, लग्नाचाबी वाचला, आनि पर्स घरातच राह्यली."

भाची मागेच उभी होती. तिने बापाकडे पाहिलं. पायऱ्या उतरून ती विहीणबाईंबरोबर गाडीपर्यंत गेली, त्यांना हात देऊन आत बसवलं, आणि काचेशी वाकून बराच वेळ त्यांच्याशी बोलत राहिली.