लढाई परत कधी?

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या पिंपळवंडीत चार माणसं चहाला बसली की ते आपोआप साठतात. त्यातले निम्मे माझ्यावरच आहेत, म्हणून दुसऱ्यांनी तिखटमीठ लावायच्या आत मीच सांगून टाकतो.

मूळ भांडण पाण्याचं. धरण आंबेगाव तालुक्यात, कालवा येतो आमच्या जुन्नरकडं. आणि मेव्हणा बबन आंबेगावचा! गेल्या वर्षी सासुरवाडीत जेवताना तो म्हणाला, "दाजी, तुमी आमचं पाणी पिता." मी भरल्या ताटावरून उठलो. बोलणं बंद. बायकोचं, सुनंदाचं, माहेरही त्यातच बंद झालं. अर्धी राहिलेली पुरणपोळी मला अजून आठवते.

* * *

मग गावात बिबट्या आला. बांधाच्या भांडणावरून तोंड न बघणारा शेजारी किसन माझ्या ओट्यावर हजर! "भाऊ, आता आपण एक व्हायला पायजे." आम्ही एकाच बॅटरीच्या उजेडात उसाला पाणी देऊ लागलो. बिबट्या पिंजऱ्यात अडकला आणि दुसऱ्याच दिवशी किसन माझा बांध कोरताना दिसला.

"अरे, हे काय?"

"बिबट्या गेला की राव!"

* * *

पुढं खालच्या तालुक्यांनी जादा पाणी मागितलं. लगेच जुन्नर-आंबेगावचा एकत्र मोर्चा! बबन आणि मी एकाच ट्रॉलीत, पाठीला पाठ लावून. "पाणी आपल्या हक्काचं!" ओरडून दोघांचाही घसा बसला, पण एकमेकांशी अक्षर बोललो नाही.

* * *

मग सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर सारखे सायरन. बबनचा फोन आला, "दाजी, देशावर येळ आलीय. आता तुमचं-आमचं काय न्हाई!" मी फोनवरच 'भारतमाता की जय' ओरडलो. खरंच ओरडलो, हसू नका.

सुनंदाला गाडीवर बसवून थेट आंबेगाव गाठलं. बबननं कडकडून मिठी मारली. मी म्हणालो, "देशासाठी रक्त सांडू!" तो म्हणाला, "पाणी बी तुमीच घ्या, दाजी!" आत सुनंदा भावजयीशी खळखळून हसत होती. किती दिवसांनी ऐकलं मी ते हसणं.

दुसरी पोळी ताटात पडली आणि टीव्हीवर शस्त्रसंधीची बातमी आली.

"जिंकलो!" बबन ओरडला. मग खाली बसत म्हणाला, "पण दाजी, त्या तुमच्या कालव्याचं..."

मी ताटावरून उठलो.

* * *

परवा बघतो तर सुनंदा सकाळपासून बातम्या लावून बसलेली. मी चेष्टेनं विचारलं, "काय गं, राजकारणाचा नाद कधीपासून लागला?"

तिच्या हातात राखी होती. टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, "अहो, लढाई परत कधी सुरू व्हायची? रक्षाबंधन आठ दिसांवर आलंय."