दिवसाची झोप

मी झाशी सोडली त्या सकाळी बाबा रात्रपाळी करून थेट स्टेशनावर आले. अंगात शेडचेच कपडे, खांद्यावर हात पुसायचं फडकं, डोळे लालभडक. बाबा रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते. त्यांना तसं पाहून आई चिडलीच. म्हणाली, आधी घरी जाऊन जरा पडायचं होतं, गाडीला अजून अवकाश आहे. पण बाबा प्लॅटफॉर्मवर उभेच राहिले. रात्रपाळीनंतरची झोप बाबांनी कुणासाठी मोडलेली मी कधी पाहिली नव्हती, घरच्या लग्नात नाही की मुंजीत नाही. त्या दिवशी माझ्यासाठी मोडली.

मला पुण्याकडच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. मेंटेनन्स टेक्निशियन. तीन पाळ्या, त्यात रात्रपाळीही आलीच. झाशीच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला तो काय शोकेसमध्ये ठेवायला? पण बाबांना हे पटलेलं नव्हतं. काकांसारखं टेबलखुर्चीचं काम मी करावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण हो पण म्हटलं नाही, आणि बाबांचा हो न घेता मी गाडीत बसले होते. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी आले आणि एवढंच बोलले, "दिवसा झोप मिळेल अशी खोली बघ, बेटा. बाकी सगळं होतं." लोक लेकीला जपून राहा म्हणतात, पोचलीस की फोन कर म्हणतात. माझ्या बापाने झोपेचं सांगितलं. मला तेव्हा खरं तर रागच आला.

आता हे बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. झाशीत आमच्या घरी तीन तऱ्हेची कामं होती. वरच्या मजल्यावर काका, बाबांचे थोरले भाऊ, सरकारी कचेरीत बाबू. दहाला जाणार, पाचला येणार, महिना झाला की तनखा हातात. आमच्याकडे पगाराला अजून तनखाच म्हणतात, पुण्यात म्हटलं की लोक हसतात. खाली आम्ही. बाबांची तनखा दर महिन्याला वेगळी, रात्रीचा भत्ता किती, ओव्हरटाइम किती, त्यावर. आणि समोरच्या खोलीत भाड्याने हल्केभैया, मानिक चौकात पल्लेदार, म्हणजे व्यापाऱ्यांचे बोरे, म्हणजे पोती, पाठीवरून उतरवणारे. त्यांना ना दहा ना पाच. ट्रक आला की काम, बोरा उतरला की पैसे. ट्रक नाही आला तर दिवसभर चौकात बसून घरी. एकाच अंगणात तीन घड्याळं चालायची, आणि तिघांच्या घरी चूल वेगवेगळ्या वेळी पेटायची.

या सगळ्यात बाबांची झोप राखणं हे आमचं घरकाम होतं. कुणी केर काढायचा, कुणी पाणी भरायचं, आणि बाबांची झोप सगळ्यांनी राखायची. रात्रपाळी करून ते छावणीच्या रस्त्याने सायकलवर यायचे. तो रस्ता लांबचा, पण शांत. शेडचा आवाज कानातून निघून जातो म्हणायचे. जेवून आडवे झाले की आई त्यांचे काळे बूट बाहेर पायरीच्या अगदी मधोमध ठेवायची, टाचा दाराकडे. ही खूण. बूट पायरीवर आहेत म्हणजे पाळीवाला माणूस आत झोपलाय, दार वाजवायचं नाही. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. भाजीवाला आमच्या दारापुढून मुकाट गाडी ढकलत न्यायचा आणि पुढच्या कोपऱ्यावर जाऊन ओरडायचा. आम्ही पोरं खाणाखुणांनी भांडायचो, आणि काय सांगू, खाणाखुणांनीसुद्धा कडकडून भांडता येतं. ग्वाल्हेरची आत्या आली की कपाळाला हात लावायची, भर दारात बूट काय मांडून ठेवता म्हणून. आई तिला फक्त तोंडावर बोट ठेवून दाखवायची.

सगळ्यात जास्त पाळायचे ते हल्केभैया. त्यांचा आवाज असा की चौकातली हाळी आमच्या घरी ऐकू यावी. पण बूट दिसले की तोच माणूस माझ्याजवळ वाकून कुजबुजायचा, "काय बिन्नू, दद्दा सो गए?" बिन्नू म्हणजे पोरी, दद्दा म्हणजे माझे बाबा. मी मान हलवली की चपला हातात घेऊन खोलीत जायचा. हल्केभैयांना स्वतःला झोपेची अशी हक्काची वेळ नव्हती. त्यांच्या दारात कुणी बूट मांडले नाहीत. हे मला फार उशिरा सुचलं, आणि सुचल्यापासून मी त्यांचं नाव आदरानेच घेते.

तर अशा गल्लीतून उठून मी पुण्याला आले. एका बिल्डिंगीत छोटा फ्लॅट भाड्याने मिळाला. पहिली रात्रपाळी झाली, कंपनीच्या बसने सोडलं, चहा घेतला, आणि मी माझे सेफ्टी शूज काढून दाराबाहेर मधोमध ठेवले, टाचा दाराकडे. निर्धास्त आडवी झाले. डोळा लागतोय तोच बेल. शेजारच्या फ्लॅटमधल्या काकू. अगं, बूट असे वाटेत ठेवू नयेत, कुणी अडखळेल. मी बरं म्हणून आत आले. बूट तिथेच राहिले, कारण माझ्या लेखी ते ठेवल्याशिवाय झोपणार कसं? दुसऱ्या दिवशी पुन्हा बेल. तिसऱ्या दिवशी काकू बूट हातात घेऊनच उभ्या, चेहरा असा की आता सोसायटीच्या मीटिंगमध्येच विषय काढते. मी रडकुंडीला आले होते. म्हटलं, "काकूजी, मी झोपली आहे हे कळावं म्हणूनच ठेवलेत ना जी ते." मग बाबांचं सांगितलं, पायरीचं सांगितलं, भाजीवाल्याचंसुद्धा सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत.

काकू बूट खाली टेकवून गेल्या. मला वाटलं, संपलं, आता जागा सोडावी लागणार. संध्याकाळी चारला त्या उपमा घेऊन आल्या. तुझं मराठी कुठलं गं, असं विचारलं, आणि झाशीला मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात हे ऐकून चकित झाल्या. त्यानंतर त्यांनी काय केलं ते ऐका. वॉचमनला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, कुरियरवाल्यांना माझं पार्सल स्वतःकडे द्यायला लावलं. त्यांच्या ओट्याची भिंत माझ्या उशाशी येते, म्हणून माझ्या रात्रपाळीच्या आठवड्यात त्या कुकर दुपारी उशिरा लावायला लागल्या. त्यांच्या यजमानांना तेवढे दिवस उशिरा जेवावं लागतं. ते जिन्यात भेटले की माझी चेष्टा करतात, तुझी पाळी बदलली की नाही गं, मला भूक लागते. या दोघांचे उपकार मी कसे फेडू? फेडायचेच नाहीत, असं मी ठरवलंय.

कारखान्यात गेले तर तिथे आमचंच अंगण. वर काचेमागे ऑफिसवाले, खाली मशीनवर आम्ही, आणि गेटापाशी माल चढवणारे ठेक्यावरचे लोक. कॅन्टीन एकच. ऑफिसवाल्यांची तनखा ठरलेली, पण जेवताना एक डोळा फोनवर. आमची पाळी संपली की शिट्टी होते आणि दुसऱ्या पाळीचा माणूस येऊन माझ्या हातातला मीटर घेतो. ठेक्यावरचे एक पाळी करून पैशासाठी दुसरीला थांबतात आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात. त्यांच्याजवळून जाताना मी हळू चालते. सवय आहे.

मग यंदा साहेबांनी मला बोलावून सांगितलं की वर प्लॅनिंगमध्ये जागा आहे, तुला घ्यायचं म्हणतोय. दिवसाचं काम, खुर्ची, मोठं पद. रात्रीचा भत्ता आणि ओव्हरटाइम जाणार, सुरुवातीला हातात थोडं कमी येणार, पण पुढे वाढणार. सोमवारी सांग म्हणाले. झाशीला कळलं आणि घरात दिवाळी. काका म्हणाले, देवाने ऐकलं. आईला वाटलं, आता लग्नाचं बोलता येईल. आणि मला तर मशीन सोडायचं नव्हतं. बंद पडलेलं मशीन माझ्या हाताखाली घुं करून सुरू होतं ना, ते मला आवडतं. साधं आवडतं. पण एकदा मी बाबांचा हो न घेता निघाले होते. दुसऱ्यांदा तसं करायचं माझ्यात बळ नव्हतं.

नेमके त्याच आठवड्यात बाबा आले. रिटायर झाल्यापासून त्यांची झोप उडाली होती. अख्खं आयुष्य आठवड्याआठवड्याला पाळी बदललेला देह, त्याला आता रात्र कोणती आणि दिवस कोणता हेच कळेना. रात्रभर टक्क जागे, दिवसा नुसते पेंगायचे. आईने हवापालट म्हणून माझ्याकडे पाठवलं. माझी नोकरी लागल्यापासून ते पहिल्यांदाच पुण्याला येत होते.

शनिवारी सकाळी मी रात्रपाळी करून बसमधून उतरले तर बाबा बिल्डिंगच्या गेटाशी उभे. माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत ग्रीस होतं. मी हात मागे घेतला, तर विचारतात, काय बिघडलं होतं. म्हटलं, बेअरिंग गेलं होतं. गरम करून बसवलं की ठोकून, त्यांनी विचारलं. गरम करून, म्हटलं. मग जिना चढून होईपर्यंत त्यांचे प्रश्न संपेनात. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं.

चहा घेताना मीच विषय काढला. प्लॅनिंगचं सगळं सांगितलं आणि मला जायचं नाही तेही सांगितलं. बाबा बराच वेळ बशी पुसत बसले. मग त्यांनी बरुआसागरची आठवण काढली. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ते आम्हाला बसने बरुआसागरला तळ्यावर न्यायचे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. काका एकदाच आले होते, तेही मांडीवर फाईल घेऊन, आणि अर्ध्यातून परत गेले, त्यांच्या साहेबांनी माणूस धाडला म्हणून. झाशीच्या काकूचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते बाबांच्या अजून लक्षात होतं.

"मी तुला काकांसारखी नोकरी मागत होतो देवाकडे," बाबा म्हणाले. "पण तुझे काका पाच वाजल्यावरपण कचेरीचेच असायचे. मी शेडमधून निघालो की तुमचा होतो. तुला घरी आल्यावर कुणाचं व्हायचंय ते बघ."

म्हटलं, म्हणजे तुमचा हो आहे का?

"हो," ते म्हणाले. "तेव्हाच म्हणायला हवा होता. आता झोप जा."

मी सोमवारची वाट पाहिली नाही. साहेबांना फोन करून तिथेच सांगून टाकलं की मी खालीच बरी आहे, आणि जाऊन पडले.

तुम्ही जे झाशीत राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, दोघेही मला विचारता की आता घर कुठलं. मी दोन्ही गावांचं मीठ खाल्लंय, मला एक सांगता येत नाही. पण मी झोपले आहे म्हणून जिथे कुणी पाऊल हळू टाकतं, तिथे मला परकं वाटत नाही. असं माझ्या वाट्याला दोन ठिकाणी आलं. याहून काय मागायचं?

त्या दुपारी जाग आली तर घरात कसलाच आवाज नाही. बाहेर येऊन पाहिलं तर बाबा हॉलमधल्या गादीवर गाढ झोपलेले, तोंड अर्धं उघडं, फडकं डोळ्यांवर. पलीकडे काकूंचा कुकर अजून लागला नव्हता. इतक्यात आईचा फोन. मी स्वयंपाकघरात जाऊन घेतला. तिने नेहमीच्या आवाजात विचारलं, बाबा काय करतायत.

मी कुजबुजले, "झोपलेत."

मग तिकडे झाशीत बसून, आईपण हळू आवाजात बोलायला लागली.