सपाट बुडाचं पातेलं

नातसुनेने परवा इंडक्शन आणलं. काळी काच, खाली बटणं, जाळ नाय, धूर नाय. आणल्या आणल्या तिने लोहचुंबक घेतला, फळीवरची सगळी भांडी खाली काढली आणि एकेकाच्या बुडाला लावून बघायला लागली. चिकटला की भांडं उजवीकडे, नाय चिकटला की डावीकडे. माझं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं डावीकडे गेलं, पितळेचा टोप पण गेला. लोखंडी तव्याला चुंबक चिकटला म्हणून मी खूश, तर ती बोलली, "आजी, ह्याचं बुड खोलगट आहे, हा पण नको."

मी हसत सुटले ती थांबेचना. पोरगी घाबरली. म्हटलं, "अगो, मला काय झालेलं नाय. हे सगळं आमच्या घरात एकदा होऊन गेलंय. तेव्हा चुंबक नव्हता, माझी सासू होती."

ती बोलली, सांगा, मी लिहून घेते. मी दुसरीपर्यंत शिकलेली, माझं लिहिणं सहीपुरतं. म्हणून मी सांगतेय आणि ती लिहितेय.

तेव्हा माझी दोन्ही मुलं शाळेत जायची. वाडीत लाईट येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पावस गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी, खाली समुद्र दिसतो, वर नुसता कातळ. आमचे हे मुंबईला कारखान्यात, शिमग्याला आणि गणपतीला यायचे. बाकीचं वर्ष घरात मी, सासू आणि मुलं. पाणी खालच्या विहिरीवरून, लाकडं डोंगरातून डोक्यावर. पाय फुटायचे, मान दुखायची. सगळ्या बायकांचं तसंच होतं, म्हणून कोण कोणाला सांगायचं नाय.

सासूला दमा होता. चूल पेटली की तिच्या छातीतून शिट्टी वाजायची. मुलांना सांगायची, "माझ्या छातीत रेडिओ लागलाय, ऐका गाणी." मुलं हसायची, ती पण हसायची, आणि मग खोकत खोकत ओट्यावर जाऊन बसायची. एकदा मात्र ओठ काळेनिळे पडले. चार जणांनी खुर्चीत घालून तिला पावसला नेली. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले, "औषध देतो, पण चूल चालू राहिली तर औषधाचा काही उपयोग नाही. एक तर घरातला धूर बंद करा, नाहीतर म्हातारीला दुसरीकडे ठेवा."

दुसरीकडे म्हणजे माझ्या नणंदेकडे. तिचं घर रत्नागिरीत, मांडवीला. तिच्याकडे गॅस होता. मनाने वाईट नव्हती ती, पण बोलायची कडक. आली आणि उभ्या उभ्या बोलली, "वैनी, शिमगा झाला की आठ दिवसांनी मी येईन. तोपर्यंत चूल बंद झाली तर ठीक. नाय तर आईला घेऊन जाईन."

सासूने तेव्हाच बोचकं बांधलं. दोन लुगडी, एक शाल, मिश्रीची डबी. खुंटीला अडकवलं आणि मला बोलली, "तिकडे दार उघडलं की समोरच्याचं बंद दार. मी बोलू कोणाशी गो, सिलिंडरशी?"

मी तिला जाऊ नका म्हटलं नाय. तसं बोलायची आमच्यात रीतच नव्हती. पण जेवताना सारखी त्या खुंटीकडे नजर जायची. नवऱ्याबरोबर मी वर्षातून महिनाभर राहिले असेन, सासूबरोबर अकरा महिने. ती गेली असती तर दिवसभर मी भिंतींशी बोलले असते.

परसात चूल मांडून बघितली. समुद्रावरचा वारा सगळा धूर उचलून घरात आणून टाकायचा. रॉकेलच्या स्टोव्हचा वास तिला सोसायचा नाय. आणि गॅसची गाडी आमच्या वाडीपर्यंत चढतच नव्हती. मी मुलांकडून ह्यांना पत्र लिहून घेतलं. शिमग्याला हे आले ते हातात खोकं घेऊन. आत विजेची शेगडी.

पांढऱ्या मातीची गोल ताटली, तिच्यात नागमोडी चर आणि चरात तारेची स्प्रिंग. बटण दाबलं की स्प्रिंग लाल व्हायची. सासूने हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. ह्यांनी कपभर चहा करून दाखवला, बोलले, "झालं, काय कठीण नाय," आणि दुसऱ्या दिवशी गाडीला बसले. त्यांना चहा करता येत होता, स्वयंपाक नाय. ते आम्हा दोघींना ते गेल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी भाताचा टोप ठेवला. आमचे टोप सगळे गोल बुडाचे, चुलीच्या तीन दगडांत बसणारे. शेगडीवर ठेवला तर असा डुलायला लागला, जशी शिमग्यातली पालखीच नाचतेय. मी धरून उभी. अर्धा तास झाला तरी पाण्याला बुडबुडा नाय, माझे हात मात्र तापले. सासू दारातून बघत होती. बोलली, "नवरा गावाला आला तेव्हा तरी एवढा धरून ठेवलास काय?"

मग दुधाचं एक पातेलं होतं, ते सपाट होतं. म्हटलं ह्याच्यात पेज करू. आणि इकडे माझ्या हातून चूक झाली. आमच्यात कुठलंही भांडं चुलीवर जायच्या आधी त्याच्या बुडाला राख कालवून लेप द्यायचा. म्हणजे काजळी लेपावर बसते आणि भांडं घासायला सोपं जातं. सात-आठ वर्षांची असल्यापासून हाताला ती सवय. मी काय विचार केला नाय. ओली राख घेतली, बुडाला चांगली जाड थापली, पातेलं शेगडीवर ठेवलं आणि बटण दाबलं. तेसुद्धा अनवाणी, शेणाने नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर उभी राहून.

चर्र झालं. राखेतलं पाणी खाली स्प्रिंगवर गळायला लागलं. मी पेज ढवळायला म्हणून पितळेचा डाव आत घातला. काय झालं ते मला समजलंच नाय. कोणी तरी खांद्याला धरून भिंतीवर आपटावं तशी मी मागे जाऊन बसले. फट्ट करून आवाज झाला, ठिणगी उडाली, घरातली लाईट गेली.

सासू धावत आली. धावत म्हणतेय मी, जिला चार पावलं टाकताना दम लागायचा ती. माझ्या हाताला हात लावणार तेवढ्यात मी ओरडले, "आई, हात लावू नका!" ती तिकडेच उभी राहिली, रडायला लागली. "जळो ती शेगडी. मी जाते मांडवीला. माझ्या श्वासापायी तुझा जीव नको जायला." आणि खुंटीवरचं बोचकं काढून काखेत मारलं.

मी बोलले, "ते परत अडकवा. मी मेलेली नाय अजून."

शेजारच्या वाडीत आमचा एक दीर होता, चुलत नात्याचा, वायरमनचं काम करायचा. त्याला बोलावलं. त्याने शेगडी उलटी केली, चरातली राख बघितली, पातेल्याचं बुड बघितलं आणि डोक्याला हात लावून बसला. "वैनी, ह्याला काजळी धरते काय? धूरच नाय तर काजळी कुठून येणार? तुम्ही विजेच्या तोंडात ओली राख कोंबलीत!"

सासू बोलली, "मेल्या, नुसता हसू नको, शिकव."

त्याने शिकवलं, आणि तसं मला कुठल्या बाईंनी शाळेत शिकवलं नव्हतं. बोलला, आधी पायाखाली पाट घ्या, सुका. हात पुसा. पातेलं ठेवायचं असू दे की उचलायचं असू दे, आधी बटण बंद. जमीन सारवायची ती शेगडी लांब करून आणि वाळल्यावरच ती परत आणायची. दूध काठापर्यंत भरायचं नाय, उतू गेलं की परत हेच. आणि धातूचा डाव घालायचा नाय.

"मग काय बोटाने ढवळू?" सासूने विचारलं.

"काकी, तुमच्याकडे करवंटीचा डाव हाय ना? लाकडाच्या दांड्याचा? त्याच्यातून करंट येत नाय."

सासूला केवढा आनंद झाला! तो डाव तिनेच केलेला, नारळाची करवंटी घासून. मी पितळेचा आणला तेव्हापासून तो कोपऱ्यात पडला होता. माझ्याकडे असं बघितलं, जशी खटलाच जिंकलीय.

वायरमन नवी स्प्रिंग घालून गेला. आता भांडी. सासू ओसरीवर पाट टाकून बसली आणि मला बोलली, "घरातलं सगळं आण." मी आणलं. ती एकेक भांडं पाटावर ठेवायची आणि गरकन फिरवायची. डुललं की म्हणायची, "हा दारुडा, बाजूला." स्थिर बसलं की म्हणायची, "हा सोयरीक करण्यासारखा." शेजारच्या बायका गोळा झाल्या, त्या पण आपापली भांडी घेऊन आल्या, नुसत्या गंमत म्हणून. दुपारभर भांडी फिरत होती आणि बायका हसून हसून जमिनीला टेकत होत्या. सासू पण हसली, हसताना खोकली, पण शिट्टी वाजली नाय. चार दिवस घरात चूल नव्हती ना, जेवण शेजारून यायचं.

आमच्या घरातली तीनच भांडी पास झाली, सगळी लहान. भाताला मोठं पाहिजे होतं. मी माझ्या आईने लग्नात दिलेला पितळेचा टोप मोडीत द्यायला काढला. सासूने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि तिची जुनी कळशी पुढे केली. "दमा माझा, भांडं तुझ्या आईचं कशाला?"

रत्नागिरीच्या बाजारात मी दुकानदाराच्या काचेवर पातेली ठेवून फिरवायला लागले. तो बोलला, "वैनी, पातेलं घेताय की भोवरा?" मी बोलले, "भोवरा नको म्हणूनच फिरवतेय." सहा फिरवली, सातवं बसलं. जर्मनचं, जाड बुडाचं, शेगडीच्या ताटलीएवढंच रुंद. हातात घेतलं तर मनगट खाली गेलं, इतकं जड. बरोबर एक सपाट तवा घेतला. गाडीत मांडीवर घेऊन आले, कोणाच्या टोपलीचा धक्का लागू दिला नाय.

आठवा दिवस आला. नणंद सकाळच्या गाडीने आली. आधी स्वयंपाकघरात गेली, चुलीत हात घातला, गार राख बघितली. मग आईच्या पाठीला कान लावला. पाट ओढून बसली आणि बोलली, "करा वैनी स्वयंपाक. मी बघते."

मी पायाखाली पाट घेतला. हात पुसले. भाकऱ्या झाल्या, तव्यावरच फडक्याने दाबून भाजल्या. पूर्ण फुगल्या नायत, सासूने नाक मुरडलं, पण लेकीसमोर गप्प राहिली. मग भात ठेवला. जाड पातेल्यात पाणी उकळलं, तांदूळ घातले, चांगला उकळा आला आणि लाईट गेली. शेगडीची स्प्रिंग लाल होती ती काळी झाली.

नणंदेने सुस्कारा सोडला. "हेच सांगत होते मी. आता पेटवणार ना चूल? आज पेटवाल, उद्या पेटवाल. आई, चल, बोचकं घे."

तिचं बोलणं खोटं नव्हतं. दोन मुलं शाळेतून उपाशी येणार होती, चुलीशेजारी सुकी लाकडं रचलेली होती. मी बटण बंद केलं आणि उभी राहिले.

सासूने पातेल्याला बाहेरून हात लावला आणि चटकन काढला. "ह्याचं बुड अजून तापलेलं हाय," बोलली. "झाकण काढू नको. पेंढा आण."

मी गोठ्यातून पेंढा आणला. टोपलीत पेंढा, त्याच्यावर झाकलेलं पातेलं, वर परत पेंढा, वरून माझी गोधडी. ती बोलली, "पूर्वी आम्ही शेतावर असाच नेत होतो भात. पातळ भांड्यात निवायचा, हे जाड हाय." आणि टोपलीशेजारी फतकल मारून बसली, अंडी उबवणारी कोंबडी बसते तशी. नणंदेला हसू आलं, पण तिने तोंड फिरवलं.

मुलं आली. ताटं मांडली. मी गोधडी काढली, पेंढा काढला, झाकण उघडलं. वाफ आली. शीत हातावर घेऊन दाबलं, मऊ. थोडा गिचका झाला होता, पण शिजलेला. लाईट अजून आलेली नव्हती.

नणंद दोनदा भात घेऊन जेवली. हात धुऊन आली तेव्हा आई तिला बोलली, "काय गो, आता नेतेस मला?"

ती बोलली, "तुला नेऊन काय करू? माझ्याकडे पेंढा नाय."

दुपारच्या गाडीने ती एकटीच गेली. जाताना माझं जाड पातेलं उलटं करून बघत होती, कुठल्या दुकानातून घेतलं ते विचारत होती. मी भांडी घासायला बसले. बुडाला काजळी नव्हती, राख नव्हती, दोन हातांत लखलखीत झालं.

आत आले तर सासूने खुंटीवरचं बोचकं उतरवलेलं. गाठ घट्ट बसली होती, दाताने सोडवत होती. लुगडी दोरीवर टाकली, शाल माझ्या अंगावर फेकली, मिश्रीची डबी काढली आणि बोलली, "इतके दिवस ह्या गाठीपायी ह्याच्यात हात घालता येत नव्हता. मेल्या मिश्रीचा वास पार उडाला."