डिप्रेशन मालकांचं, येड आमचं

मालकांच्या मुलाच्या गोळ्या मी चोरल्या आणि माझ्या धाकट्या भावाला, संजूला, खाऊ घातल्या. हे आधीच सांगतो. पुढे मालकांबद्दल लिहिणार आहे, तेव्हा मी स्वच्छ होतो असं कुणाला वाटायला नको.

मी त्यांचा ड्रायव्हर होतो. आमचं गाव लोह्याजवळ, हमरस्त्याच्या फाट्यावरून आत. बापाने मालकांच्या शेतात सालगडी म्हणून जन्म काढला. माझ्या हातात स्टिअरिंग आलं, म्हणून वस्तीत मला भाव. मालक नांदेडला राहायचे आणि त्यांचा मुलगा रोहन लातूरला मेडिकलच्या क्लासला. मागच्या वर्षी तो खोलीतून बाहेर पडेना. जेवेना. पुस्तक उघडलं की रडायचा. मालकीणबाईंनी त्याला नांदेडला घरी आणलं, पण मनाचे डॉक्टर लातूरमध्येच शोधले. दर पंधरवड्याला मी गाडी घेऊन तिथे.

एकदा त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी धीर करून विचारलं, "मालक, आमच्या संजूलाबी असंच होतंय. ह्याच साहेबाला दाखवू का?"

मालक फोनवर होते. पलीकडच्याला "एक मिनिट" म्हणाले आणि मोठ्याने हसले. "आरं, डिप्रेशन अभ्यास करणाऱ्या पोरांना येतंय. तुमच्यात कसलं आलंय डिप्रेशन? तुमच्यात येड लागतंय. चार दिस शेण काढायला लाव, उतरंल."

मग तेच फोनवरच्या माणसालाही ऐकवलं. पायऱ्यांवर बसलेली माणसं हसली. मालकीणबाई म्हणाल्या, "कशाला बोलायलाव बिचाऱ्याला?" आणि त्याही हसल्या.

मीही हसलो. मालक हसले की हसायचं, हे मला बापानेच शिकवलेलं.

त्या दिवसापासून मला रोहनचा हेवा वाटायला लागला. त्याच्या मार्कांचा नाही, बुटांचा नाही. आजाराचा. त्याच्या आजाराला नाव होतं. नाव होतं म्हणून गोळी होती, आईची मांडी होती, घरात सगळे हळू बोलायचे. माझा भाऊ तसाच भिंतीकडे तोंड करून पडायचा, तर माय पायाने ढोसायची. "ऊठ रे मुडद्या." दिवसभर दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये वाकून आलेली बाई. तिला हळू बोलायला कुणी शिकवलं होतं?

लातूरहून परत येताना आरशात रोहन दिसायचा. आईच्या मांडीवर डोकं, डोळे मिटलेले. आमचा फाटा आला की माझा पाय अॅक्सिलेटरवर जोरात पडायचा. ह्याने बरं होऊच नये, असं एकदा मनात आलं. एकोणीस वर्षांचं लेकरू ते. हेही लिहून टाकतो.

चाकूरच्या अलीकडे एकदा चहाला थांबलो. डॉक्टरांनी त्या दिवशी रोहनच्या गोळ्या बदलल्या होत्या. मालकीणबाई म्हणाल्या, "ह्या जुन्या गोळ्या दुकानात परत दे." मी हो म्हणालो. दिल्या नाहीत. खिशात घातल्या.

मागच्या सीटवरचं बोलणं ऐकून ऐकून मला वाटायचं, मला सगळं कळतं. रोहन पडून राहतो, संजू पडून राहतो. म्हणजे आजार तोच. म्हणजे गोळीही तीच.

एक गोष्ट मी हिशोबात धरलीच नाही. संजू कायम पडलेला नसायचा. पडण्याआधी कितीतरी दिवस तो झोपायचाच नाही. तोंडाची टकळी बंद होत नसे. लोह्याच्या बाजारातून अनोळखी माणसं घरी जेवायला घेऊन यायचा. वस्तीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "वारं हाय लेकराच्या अंगात. माहूरला नेऊन आणा." माय नेऊनही आली. पण ते दिवस मला आजाराचे वाटलेच नाहीत. हसणाऱ्या माणसाला आजारी कोण म्हणतं?

मायला सांगितलं, लातूरच्या डॉक्टरने दिल्यात. ती रोज चहासोबत त्याला एक द्यायची. आणि संजू उठला. अंघोळ केली, दाढी केली, पोटभर जेवला. माय रडली. मला काय वाटलं? रोहनच्या आधी माझा भाऊ उठला. शर्यत जिंकल्यासारखं वाटलं मला.

मग तो थांबेना. झोप गेली. बोलणं इतकं वेगात की शब्द एकमेकांवर आपटायचे. गावात ग्रामपंचायतीसमोर सभा होती, मालकांचा सत्कार होता. मी गाडीजवळ उभा. संजू सरळ स्टेजवर चढला, मालकांच्या खुर्चीत बसला, माईक ओढला. "मालकाची विहीर आजपासून सगळ्या वस्तीची! घागरी घेऊन या रे!"

पहिली थप्पड कुणी मारली ते दिसलं नाही. नंतरच्या सगळ्या दिसल्या. त्याला खाली ओढलं. मालकांनी गर्दीतून मला हाक मारली. "तुझाच हाय ना ह्यो? मग तूच बांध."

कुणीतरी बैलाचं दावं आणून दिलं. मी माझ्या भावाला दिव्याच्या खांबाला बांधलं.

"दादा, सैल बांध की. हात दुखायलाय."

मी सैल केलं नाही. मालक बघत होते.

सभा पार पडली. हार-तुरे झाले. उन्हात संजू खांबाला, त्याच्या पायाशी माय. मालक गाडीकडे आले. "चल, गाडी काढ. घरनं पोराला घेऊन लातूरला जायचंय. रोहनला आज दाखवायचंय."

रोहनला दाखवायचंय. मी चावी बॉनेटवर ठेवली.

"माझाबी भाऊ आजारी हाय. मी त्याला घेऊन चाललो."

"कुठं?"

"दवाखान्यात."

"येड्याला कशाला लागतोय दवाखाना?"

"रोहनदादाला कशाला लागतोय?"

जन्मात पहिल्यांदा मालकांना उलटा प्रश्न केला होता. ते काही बोलायच्या आत मी खांबाकडे गेलो. गाठ माझीच, पण सुटेना. दाताने सोडवली.

टेम्पोत घालून त्याला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "याआधी काही गोळ्या चालू होत्या?"

माय माझ्याकडे बघायला लागली. सांगितलं तर मी चोर. न सांगितलं तर ह्या बाई आंधळेपणाने औषध देणार आणि संजूचं आणखी वाईट होणार. मायचा हात माझ्या गुडघ्यावर होता. त्याच हाताने तिने त्या गोळ्या चारल्या होत्या.

मी गोळीचं नाव सांगितलं. कुणाच्या होत्या तेही. मायने हात काढून घेतला.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळे ताप एकच असतात का? मनाचे आजारही एक नसतात. कुणाला नुसती भीती धरते, छाती धडधडते, घराबाहेर पडवत नाही. कुणी हात धूतच राहतो, थांबावंसं वाटतं पण थांबता येत नाही. कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात. कुणी महिनोन्महिने खचतो, तुमच्या मालकांच्या मुलासारखा. तुमचा भाऊ कधी खचतो, कधी उधळतो. ते दोन आजार नाहीत, एकच. बायपोलर. अशा माणसाला नुसती खचण्यावरची गोळी दिली, तर तो उधळू शकतो."

म्हणजे मी दिलेली गोळी. ज्या नावाचा मी इतके दिवस हेवा केला, तसं नाव माझ्या भावालाही मिळालं होतं.

चौथ्या दिवशी मालकांचा फोन. गोळ्या परत आल्याच नाहीत, हे त्यांना दुकानदाराकडून कळलं होतं. "चोरा, पोलिसात देतो तुला."

"द्या. गोळ्या चोरल्या ते तिथंबी सांगतो. रोहनदादाची माफीबी मागतो. आन माझ्या भावाला बांधायला कुणी सांगितलं तेबी सांगतो."

पोलीस आले नाहीत. नोकरी गेली. आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. संजूच्या गोळ्या चालू आहेत. बरा म्हणावा तर काही दिवस बरा, काही दिवस नाही. मायने कितीतरी दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

घरात माफी मागून भागणार नव्हतं. बांधलं होतं सगळ्यांदेखत. गावात ग्रामसभा ठरली, तेव्हा मी संजूला विचारलं, "लोकांसमोर आजाराचं नाव घेऊ का?" तो म्हणाला, "घे. येडं म्हणण्यापरीस बरं." पण पुढे यायला तयार नव्हता. लांब, पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिला.

सभा सुरू व्हायच्या आत मी उठलो. मालक पहिल्या रांगेत होते. त्यांच्याकडे पाठ केली आणि टाकीकडे तोंड करून बोललो.

"संजू, तुला बायपोलर नावाचा आजार हाय. येड न्हाई. तुला चुकीची गोळी मी दिली. तुला हितं मी बांधलं. मालकानं सांगितलं म्हणून न्हाई, मला नोकरी पायजे होती आन तुझी लाज वाटत होती म्हणून. दुसऱ्याच्या पोराचा हेवा करत बसलो, तुला काय होतंय ते विचारलं न्हाई. मला माफ कर. न्हाई केलंस तरी चालंल. पण हितून पुढं ह्या गावात कुणाला बांधायला दावं काढलं, तर आधी मला बांधावं लागंल."